तंबू पुळणीवर नको, वाडीत लावा

वाचकाचे पत्र

माझ्या पतींनी यंदा दोन तंबू विकत घेतले आहेत. भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी आम्ही, दीर-जाऊ, आमची तीन मुले (वये अकरा, आठ आणि पाच) आणि सासूबाई अशा सगळ्यांनी केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला एखाद्या निर्जन किनाऱ्यावर जाऊन तीन रात्री तंबूत राहायचे, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. रिसॉर्ट नको, गर्दी नको, शेजारी माणूसही नको, असा त्यांचा हट्ट आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना गुडघेदुखी आणि रक्तदाब आहे. ‘तुम्ही जा, मी घर राखते,’ एवढेच त्या म्हणतात आणि विषय संपवतात. ‘आईला तू तयार कर,’ अशी कामगिरी माझ्यावर आली आहे. खरे सांगायचे तर रात्रीच्या समुद्राची मलाच धास्ती वाटते आणि आठ माणसांचा स्वयंपाक वाळूत बसून कोण करणार, हेही मला चांगले ठाऊक आहे. पण मी काही बोलले की ‘तुला कशाचा उत्साहच नाही’ असे ऐकावे लागते. आम्ही जावे की जाऊ नये? आणि थोरल्या लेकीने आवर्जून विचारायला सांगितले आहे की तिथे कासवे दिसतील का?

— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जावे, असेच माझे मत आहे. मुले अकरा, आठ आणि पाच वर्षांची असताना आजी, काका, काकू यांच्यासह तीन रात्री समुद्राजवळ काढण्याची संधी पुढे परीक्षा आणि शिकवण्यांच्या वेळापत्रकात सहसा मिळत नाही, आणि तुमच्या पतींना ती साधायची आहे यात त्यांचे काही चुकले नाही. चुकते आहे ती तंबूची जागा. त्यांना हवी आहे ती शांतता एखाद्या घरापासून हाकेच्या अंतरावरही पुरेपूर मिळते. शेजारी माणूसच नसलेल्या जागी मात्र तिच्याबरोबर आणखीही बरेच काही पदरात येते, आणि पाच वर्षांचे मूल व एकाहत्तर वर्षांची आजी सोबत असताना ते घेऊ नये. म्हणून माझा सल्ला असा की तंबू पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, लावायचे नाहीत. पुळणीला लागून असलेल्या एखाद्या घराच्या वाडीत, घरमालकाला विचारून आणि योग्य ते पैसे देऊन लावायचे. दिवसभर समुद्र तुमचाच आहे, रात्री फक्त त्याच्यापासून दोनशे पावले मागे यायचे आहे.

हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल, म्हणून तुमच्या पतींपुढे पंचांग ठेवा. भाऊबीज ही कार्तिक शुद्ध द्वितीया. तुम्ही निघणार तृतीयेला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येनंतर लगेचच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. पाणी एरवीपेक्षा अधिक वर चढते आणि ओहोटीला अधिक आत जाते. भरतीच्या वेळेचा कोकणातला जुना हिशेब तिथीला पाऊणने गुणण्याचा आहे. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि पुन्हा पहाटेच्या अंधारात साधारण त्याच सुमारास. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमक्या वेळेसाठी हर्णै किंवा जयगड यांपैकी जे जवळचे असेल त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. पण योजना तपासायला ढोबळ हिशेबही पुरतो. तुम्ही पुण्याहून सकाळी निघून ताम्हिणीमार्गे माणगाव, मंडणगड करत संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचाल. तेव्हा भरती उतरून जवळजवळ चार तास झालेले असतील. पुळण भली रुंद दिसेल आणि समुद्र दूरवर गुपचूप पडलेला असेल. आठ-साडेआठला, तुमचे जेवण होत असताना, तो आणखी आत गेलेला असेल. अशा वेळी कोणालाही वाटते की पाणी इथपर्यंत कशाला येते आहे. ते येते रात्री दोन-अडीचला, सगळे गाढ झोपलेले असताना.

दुपारच्या भरतीने सोडलेली ओली रेघ आणि तिच्यावर अडकलेला पालापाचोळा पाहून त्याच्या मागे तंबू लावला तर चालेल का, असे ते विचारतील. पुरेसे नाही. एकाच दिवसाच्या दोन भरती सारख्या उंचीच्या असतीलच असे नाही, आणि भर समुद्रात दूर कुठे वारे उठले तर इकडे आकाश निरभ्र असतानाही लाटा नेहमीपेक्षा आत येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांच्या सूचना किनारपट्टीसाठी देत असते. निघण्याच्या आदल्या रात्री आणि तिथे असताना रोज एकदा त्या पाहण्याची जबाबदारी दिरांकडे द्या. वाळूत पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादावेल जिथे दाट वाढली आहे, तिथे रोजचे पाणी पोहोचत नाही, हे खरे. परंतु तिच्या मागे लगेच सुरूचे बन सुरू होते, आणि ही बने बहुतेक ठिकाणी वन विभागाची किंवा ग्रामपंचायतीची असतात. तिथे न विचारता तंबू ठोकणे हा आगंतुकपणा झालाच, पण सुरूच्या वाळलेल्या काड्यांच्या थरावर शेकोटी पेटवणे हा त्याहून मोठा अविचार आहे.

निर्जन किनाऱ्यावर रात्री दिवे दिसले की गावातले लोक चौकशीला येतात, हेही त्यांना सांगून ठेवा, आणि ते येतात हे योग्यच आहे. 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला उतरली होती, आणि 2008 मध्ये हल्लेखोर मुंबईत समुद्रातूनच आले. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गावांत सागर रक्षक दलाचे तरुण आणि सागरी पोलीस यांची नजर असते. मध्यरात्री कोणीतरी तंबूवर टॉर्च मारून ‘कुठले तुम्ही?’ असे विचारले तर मुले घाबरतील आणि तुमच्या पतींची शांतता तिथेच संपेल. त्यापेक्षा दिवसाउजेडी पोलीस पाटलांना भेटून, आपण कोण, किती जण आणि कोणाच्या वाडीत उतरलो आहोत, हे स्वतःहून सांगितलेले बरे.

आता वाडी कशी शोधायची ते सांगते. केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे या पट्ट्यात घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारी कितीतरी घरे आहेत. राज्य सरकारची ‘न्याहारी व निवास’ योजनाही आहे. त्यांपैकी एखाद्या घरी आतापासून फोन करून सरळ सांगावे की एक खोली आजींसाठी हवी आहे, आणि बाकीच्यांचे दोन तंबू वाडीत लावू द्याल का. दिवाळीच्या दिवसांत एक अडचण येते, तिची आधीच कल्पना असू द्या. त्या सुमारास भाताची कापणी उरकत आलेली असते आणि घरापुढचे खळे नुकतेच चोपून, सारवून तयार केलेले असते. त्यावर भाताचे भारे येऊन पडतात आणि झोडणी चालते. शहरातल्या माणसाला ते अंगण रिकामे आणि सपाट दिसते, आणि तो तिथेच तंबूची खुंटी ठोकायला जातो. दोन दिवस राबून केलेल्या खळ्यात लोखंडी खुंटी घुसताना पाहून घरच्या बाईच्या जिवाचे काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. जागा त्यांनाच दाखवू द्या. ती नारळाच्या झाडाखाली मात्र नसावी. वाऱ्यावाचूनही सुकी झावळी किंवा नारळ सुटून खाली येतो, आणि तंबूचे कापड म्हणजे काही छप्पर नव्हे. पोफळी, आंबा, चिकू यांच्या बाजूची मोकळी जागा चांगली. जमीन रेताड असेल तर साध्या खुंट्या उपटून येतात. कापडी पिशवीत वाळू भरून, तिला ताणदोरी बांधून ती पिशवी हातभर खोल पुरली की दोरी हलत नाही.

पैशांविषयी एक वाक्य. ‘आम्ही तुमच्या अंगणात तर झोपणार, त्याचे कसले पैसे’ असा सूर कृपा करून कोणी लावू नये. विहिरीचे पाणी, न्हाणीघर, संडास, गेटवरचा दिवा आणि रात्री हाक मारली तर ओ देणारा माणूस, हे सगळे तुम्ही वापरणार आहात. दर आधी विचारून घ्यावा आणि घासाघीस न करता द्यावा.

सासूबाईंकडे वळते, कारण तुमच्या पत्राचा गाभा मला तिथे दिसतो. ‘मी घर राखते’ म्हणणाऱ्या बाईला सहसा घर राखायचे नसते. तिच्या मनात एखादा प्रश्न असतो आणि तो चारचौघांत विचारण्यासारखा नसतो. माझा तर्क असा आहे की तो प्रश्न संडासाचा आहे. ज्यांना खाली बसून उठता येत नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते, त्यांच्यापुढे निर्जन किनारा हा शब्द उच्चारला की पहिले चित्र कोणते उभे राहत असेल, याचा विचार तुमच्या पतींनी केलेला नाही. मुलाला आणि सुनेला हे सांगण्यापेक्षा घर राखणे त्यांना सोपे वाटते. तेव्हा खोली ठरवताना कमोड आहे का, खोलीतून तिथवर जायला पायऱ्या किती, रात्री दिवा असतो का, पलंग आहे की गादी जमिनीवर, हे चार प्रश्न फोनवर विचारून घ्या. कोकणातली बरीच जुनी घरे उंच जोत्यावर असतात आणि वाडीत उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, गुडघ्यांना सोसणारी नसते. ‘दोनच पायऱ्या आहेत’ असे घरमालक म्हणाले तर त्या किती उंच आहेत, तेही विचारा.

मात्र हे सगळे त्यांच्या कानावर घालण्याचे काम तुमचे नाही. बेत पतींचा आहे, आई त्यांची आहे. ‘आईला तू तयार कर’ असे म्हणून त्यांनी स्वतःचे काम तुमच्याकडे सरकवले आहे, आणि ते तुम्ही नम्रपणे पण स्पष्टपणे परत करावे. त्यांनी आईजवळ एकटे बसून दोन गोष्टी विचाराव्यात: आली असतीस तर तुला कशाची अडचण वाटली असती, आणि तिथे तुला काय करायला आवडेल. उत्तरे ऐकून घ्यावीत, मध्येच तोडगे सुचवू नयेत. कदाचित कळेल की तीन नातवंडांना सांभाळण्याचे काम आपल्याच गळ्यात पडणार, अशी त्यांना धास्ती आहे. कदाचित त्यांना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचे असेल, किंवा हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहायचा असेल आणि ते कोणी विचारलेच नसेल. आणि एवढे करूनही त्या नाही म्हणाल्या, तर ते नाही मनापासून मान्य करावे. ‘आई आली नाही म्हणून मजा गेली’ असे गाडीत तीनदा म्हणून दाखवणे हे मान्य करणे नव्हे.

रात्रीच्या समुद्राची धास्ती वाटते असे तुम्ही लिहिले आहे. ती तुमच्या शहाणपणाची खूण आहे. पण धोक्याचे पाणी मला दिवसाचे अधिक वाटते, कारण तेव्हा कोणाला भीती वाटत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून अधिक मुले भर दिवसा बुडाली. तिथे वादळ नव्हते, पाऊस नव्हता. ओहोटी चालू असताना पाण्यात शिरू नये, हा कोळ्यांचा नियम आहे आणि तो तुमच्या घरात सर्वांना, दिरांनाही, लागू असावा. पुळण जिथे खाडीच्या मुखाशी संपते तिथे तर पाऊलही घालू नये. आंजर्ले आणि केळशी या दोन्ही गावांना खाडी आहे, आणि भरती-ओहोटीचे सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून वेगाने आत-बाहेर करत असते. उघड्या किनाऱ्यावरही एक फसवी जागा असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात मात्र पाणी सपाट, थोडे गढूळ आणि शांत दिसते आहे, असे दिसले की आई-वडील मुलांना नेमके तिथे नेतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असते. त्या ओढीत कोणी सापडलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा आणि ओढ ढिली झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. बाहेरच्यांनी मागोमाग उडी न टाकता दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगते ते फेकावे. हवा भरलेल्या ट्यूब आणि बदके घरीच ठेवा. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, आणि हलकी ट्यूब मुलासकट आत सरकायला वेळ लागत नाही.

मुलांवर लक्ष ठेवण्याची एक पद्धत सुचवते, ती तेवढी काटेकोरपणे पाळा. किनाऱ्यावर चार मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी. ज्याची पाळी, त्याने मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि गुडघाभर पाण्यात, मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे. पाळी संपली की ‘आता तू’ असे तोंडाने म्हणून सोपवावी. धाकट्याला पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर चढू देऊ नये. आणि ज्या दिवशी पाण्यात जायचे त्या दिवशी पुरुषमंडळींची बाटली बंद राहील, हे निघण्यापूर्वीच ठरू द्या.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट ही शेपटीला काटा असलेली मासळी दडून बसलेली असते. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चालले की ती आधीच सरकते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, वेदना उतरतात, आणि मग दवाखान्यात न्यावे.

वाडीतल्या रात्रीसाठी थोडे. कोकणात मण्यार आणि फुरसे हे दोन्ही साप आहेत, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा पुष्कळदा चावल्याचे जाणवतही नाही. म्हणूनच तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू उघड्यावरच्या सतरंजीपेक्षा सुरक्षित असतो, पण चेन दर वेळी बंद केली तरच. चपला-बूट तंबूत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत, आणि अंधारात दोन पावले जायची असली तरी टॉर्च पायाशी मारत जावे. दंश झाला तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव न हलवता गाडी काढावी. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर त्याने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठणे हाच उपाय. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण किनाऱ्यावरून तिथवरचा रस्ता वळणावळणांचा आहे, म्हणून पोहोचल्या दिवशीच सर्वांत जवळचा दवाखाना कुठे आणि तिथे रात्री कोण असते, हे घरमालकांना विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554 हे दोन क्रमांक लेकीलाही पाठ असू द्यावेत. अकरा वर्षांच्या मुलीला असे काम दिलेले आवडते.

स्वयंपाकाविषयीची तुमची तक्रार पत्रात एका ओळीत आली आहे, पण ती एका ओळीची नाही. तीन रात्रींसाठी चूल, गॅस, कणीक, मसाल्याचा डबा, आठ ताटे असा संसार उचलून नेला तर तुमची सुट्टी पुण्यातल्या स्वयंपाकघराहून वाईट जाईल. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण घरमालकांकडे सांगून टाका; घावने, कुळथाची पिठी, सोलकढी आणि त्या दिवशी बंदरावर जे आले असेल ते, हे तुम्ही वाळूत बसून करू शकणार नाही इतके चांगले मिळेल. रात्रीचे एक जेवण तंबूपाशी हौसेने करायचे असेल तर ते पतींनी आणि दिरांनी करावे, भांड्यांसकट. बांगडे भाजा, कणसे भाजा, काहीही करा, पण निखारे वाळूने झाकू नका. वर वाळू टाकली की विझल्यासारखे दिसते, खाली मात्र ते तासन्‌तास धगधगत राहतात, आणि सकाळी अनवाणी धावणारे मूल नेमके तिथे पाय ठेवते. बादलीभर पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा ओतावे आणि हात लावून पाहावा.

गाडी पुळणीवर उतरवण्याचा मोह दिरांना होईल. ओल्या वाळूचा वरचा थर डांबरी रस्त्यासारखा कडक वाटतो आणि मधोमध गेल्यावर चाक रुतते. मग गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही. शिवाय पोलीस कारवाई करतात ती वेगळीच. गाडी वाडीच्या फाटकाबाहेर राहू द्यावी.

एक शंका उरते ती हवामानाची. पाऊस संपला म्हणजे वादळांचा काळ संपला, असे अरबी समुद्राच्या बाबतीत धरून चालत नाही. 2009 चे फयान चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले ते नोव्हेंबरातच, आणि त्यात बोटींवर गेलेले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज पाहा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिलेला असेल तर आपणही जाऊ नये, आणि तो निर्णय ‘बघू, तिथे गेल्यावर ठरवू’ असा गाडीत बसून घेऊ नये. घरमालकांना तशी कल्पना आधीच दिली तर ते पुढची तारीख देतात. वाटल्यास ती तारीख अष्टमीच्या आसपासची मागा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, आणि पूर्ण भरती साधारण सकाळी-संध्याकाळी सहाला येते. म्हणजे मुलांच्या पाण्यात उतरण्याच्या वेळेला ती चढती असते: दुपारी तीन-चारनंतर, ऊन कलल्यावर. सुट्टी शिल्लक असेल तर मला तोच बेत अधिक पसंत आहे. मधल्या दिवसांत सोसायटीच्या गच्चीवर एकदा दोन्ही तंबू उभे करून पाहा. काठ्या कोणत्या आणि कुठे, यावरचा वाद तिथेच होऊन जाऊ द्या.

आता लेकीचा प्रश्न. कार्तिकात कासवे दिसण्याचा संभव फारच थोडा आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येऊ लागतात, त्याही रात्री आणि केव्हा येतील ते कोणी सांगू शकत नाही. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा. आंजर्ल्याला ती पाहता येतात, आणि बाणकोटच्या खाडीजवळच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने 2006 पासून कासव महोत्सव सुरू केला. तिथे गावातल्या घरांतच राहायचे असते. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, तेव्हा त्या वेळी किनाऱ्यावर टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश दोन्ही बंद ठेवावे लागतील, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. या दिवाळीतही रात्री पुळणीवर वाळूत रुंद, दुहेरी माग उमटलेला दिसला तर त्यावरून चालू नये, जवळपास खणू नये, आणि सकाळी तो गावातल्या कासवमित्राला दाखवावा. त्याच्याबरोबर जाण्याची परवानगी मिळाली तर तिला पहाटे पाचला उठवा.